पाटासकट उचला

"तोंडात पाणी घे. गिळायचं नाही हां!"

दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायच्या आधी आमच्या सिस्टर एवढंच म्हणायच्या आणि स्टीलचा पेला पुढे करायच्या. सगळ्यांना नाही. गप्प बसणाऱ्या बायांना त्या तसंच तपासायच्या. पाणी फक्त बडबड्यांसाठी. बोलताना मोजलं की आकडा उगाच वर चढतो, आणि आमच्या आंदर मावळात बाईला 'जरा गप्प बस' म्हटलं, की गप्प का बसायचं यावरच ती बोलायला लागते. तोंडात पाणी असलं की प्रश्नच मिटला. गाल फुगवून, डोळे वटारून, अंगणवाडीच्या भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसलेल्या चार-पाच गरोदर बाया तुम्ही बघायला हव्या होत्या. एकीला हसू फुटलं की सगळ्यांची कारंजी उडायची, आणि सिस्टर पदरानं मशीन पुसत म्हणायच्या, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

त्या अंगणवाडीची सेविका मी. पोरांकडून गाणी म्हणून घ्यायची, आयांना समजावायचं, सरपंचांशी भांडायचं, म्हणजे तोंड चालवणं हेच माझं काम. तरी आईशप्पथ सांगते, मी स्वतः गरोदर राहिले तेव्हा माझ्यासाठी त्यांनी पेल्याऐवजी तांब्या भरून ठेवला होता. "तुला पेला पुरायचा नाही," म्हणाल्या.

सिस्टर तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या, आणि महिन्यातून एकदा तपासणीच्या दिवशी आमच्याकडे यायच्या. रिटायर व्हायला आल्या होत्या. ठेंगण्या, चांगल्या भरलेल्या, साडीखाली पोराचे जुने स्पोर्ट शूज. एसटी जिथे सोडायची तिथून आमच्या वाडीपर्यंत चढ आहे. तो त्या स्वतःशी बोलत चढायच्या, म्हणजे मला म्हणायला काही तोंड नव्हतं त्यांना! मूळच्या टाकव्याकडच्याच, बौद्धवाडीतल्या. त्यामुळे घराघरात ओळख. एका दारात जयभीम, दुसऱ्या दारात रामराम, आणि दोन्ही दारांत पुढचा प्रश्न तोच: "गोळी घेतली का?"

या गोळीवरून एकदा काय मजा झाली! आमच्यातल्या एका पोरीचं लोहाच्या गोळ्यांचं पाकीट महिना भरायच्या आतच संपलं. सिस्टरांनी विचारलं तर तिची सासू मोठ्या कौतुकानं म्हणाली, "गोळी लय गुणाची हाय बाई. हिच्या जावंला पन दिली, मी पन घ्येते. एकटीनंच खाल्ली तर बरं दिसतं व्हय?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं मावशे, गोळी आहे ती. पुरणपोळी नाही घरोघर वाटायला!" मग त्यांनी सासूला आणि जावेलाही भिंतीशी बसवलं, तोंडात पाणी दिलं आणि पट्टा बांधला. तर सासूचंच बीपी चांगलं वाढलेलं निघालं. म्हातारी अशी काही ऐटीत सगळ्यांकडे बघायला लागली, जणू पहिला नंबर आला. तिला बीपीच्या गोळ्यांचं वेगळं पाकीट सुरू करून दिलं आणि दम भरला, की आता जी ती आपापलं खाईल.

आता माझं सांगते.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. सातवा महिना चालू होता. डोकं ठणकायचं, तर सगळे म्हणाले ऊन लागलं असेल. बीपी होतं ते. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा माझी ओटी भरायची राहिली ती राहिलीच, आणि हे माझ्या सासूबाईंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्यांना मी आत्या म्हणते. दुसऱ्या खेपेला आत्यांनी ठरवूनच टाकलं, की डोहाळजेवण असं करायचं की पार टाकव्यापर्यंत बोभाटा झाला पाहिजे. मला काय हवं होतं म्हणाल, तर फक्त बाळ हवं होतं. जिवंत. बाकी मला कशाचंही काही नव्हतं. पण असं कुणाला बोलून दाखवता येत नाही, म्हणून मी बाकीचं सगळं जास्तच बोलत होते.

तपासणीत आकडा थोडा वर दिसला. सिस्टरांनी गोळ्या दिल्या, दवाखान्यात नेऊन रक्त-लघवी तपासून घेतली, आणि रविवारी पुन्हा बघायचं म्हणाल्या.

मी तोंडातलं पाणी गिळून टाकलं. "रविवारी कसं जमेल? डोहाळजेवण आहे माझं!"

"मग जेवायलाच येते," त्या म्हणाल्या. "मशीन घेऊन."

डोहाळजेवणाची सगळी सूत्रं माझ्या नणंदेनं हातात घेतली होती. तिनं मोबाईलवर कुणाचं तरी बघितलं होतं, आणि वडगावहून डेकोरेशनवाल्याचा टेम्पोच आणवला. त्यात चंद्रकोरीचा झोपाळा, ढीगभर फुगे, फुलांचा मुकुट, फुलांचा बाजूबंद, आणि खांद्यावरून कमरेपर्यंत यायचा एक चकचकीत पट्टा. त्यावर लिहिलेलं: मॉम टू बी.

"ह्यो पट्टा कसला?" आत्यांनी विचारलं.

"होणारी आई, असं लिहिलंय त्यावर."

"ते तर प्वाट बघून कळतंय की. लिवायला कशापायी पायजे?"

अंगणात मांडव, चुलीवर इंद्रायणी तांदळाचा भात, वास तर असा की खालच्या वाडीची कुत्री वर आलेली. मला पाटावर बसवलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, डोक्यावर मुकुट, खांद्यावरून तो पट्टा. एकेक बाई येऊन ओटी भरायला लागली. माझी चुलतसासू, जिचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो, तिनं डोहाळ्याचं गाणं उचललं. सिस्टर आल्या, मागे सतरंजीवर बसल्या, भजी घेतली. एक भजं तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ताटली खाली ठेवून थेट पुढे आल्या.

"काय गं, काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मी आल्यापासून तू एक शब्द बोललेली नाहीस."

खरंच होतं ते. सकाळपासून डोकं फुटत होतं, आणि आता डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. तसं सांगितलं. सिस्टरांनी त्या दिवशी पाणी दिलंच नाही. पट्टा बांधला, मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. आकडा सांगितला नाही. फक्त मान वर करून विचारलं, "बाहेरचा टेम्पो कुणाचा आहे?"

आत्यांना ताबडतोब कळलं. त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "ओटी अर्धी झालीया. अर्ध्या ओटीत पोरीला पाटावरनं उठवायची न्हाई."

"मावशी, बीपी खूप वाढलंय. झटके येऊ शकतात. आत्ताच्या आत्ता निघायला पाहिजे."

"मागल्या टायमाला ओटी ऱ्हायली, तवा काय झालं ठावं हाय न्हवं तुमास्नी?" आत्यांचा आवाज फाटला. "म्या न्हाई उठू द्यायची."

गाणं थांबलं. मला इकडे काजवे आणि तिकडे आत्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, आणि पोटात बाळ हलतंय का, याकडे सगळा जीव लागला होता. खूप घाबरले होते मी. आता ही दोन माणसं भांडणार, त्यात वेळ जाणार आणि मागच्यासारखंच होणार, असं वाटलं.

सिस्टर भांडल्याच नाहीत. त्यांनी आत्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही ना उठवायची? बरोबर आहे. मग नकोच उठवायला." आणि माझ्या नवऱ्याकडे वळून कडाडल्या, "बघताय काय? पाटासकट उचला!"

अहो, उचललं की! माझा नवरा, दोन दीर आणि तो डेकोरेशनवाला, चौघांनी चार बाजू धरल्या. माझं वजन काही कमी नव्हतं, आणि पाट सागवानी. मी मुकुटासकट हवेत. नणंद मोबाईल धरून पुढे उलटी चालतेय आणि ओरडतेय, "वहिनी, इकडे बघ!" गणपती निघाल्यासारखी मी अंगणातून निघाले.

टेम्पोत नवीनच भांडण. सिस्टरांना मी डाव्या कुशीवर झोपलेली हवी होते, म्हणजे बाळाला रक्त नीट पोहोचतं. आत्यांना मी पाटावर हवी होते. शेवटी तह झाला. गादीवर डाव्या कुशीला मी, आणि पायाशी पाट. एक पाऊल पाटावर टेकवलेलं. त्या पावलावर आत्यांचा हात, मनगटावर सिस्टरांचा. बरोबर चार-पाच बाया चढल्या, भाताचं पातेलं चढलं, ओटीचं सामान चढलं. अंगणात न मावलेली चंद्रकोर फुग्यांसकट आधीच आत होती.

टेम्पो निघाला आणि सिस्टरांचं लक्ष फुग्यांकडे गेलं. अशा पेशंटजवळ मोठा आवाज नको, दणका नको, त्यानंही झटका येऊ शकतो. आणि आमच्या रस्त्यावर फुगा फुटणार नाही तर काय होणार? "फोडायचे नाहीत. गाठी सोडा, हवा सोडा. हळूच," त्या म्हणाल्या. मग काय, आंदर मावळातून वडगावच्या बाजूला एक टेम्पो चाललाय, आणि त्यात नऊवारी नेसलेल्या बाया दातांनी फुग्यांच्या गाठी सोडतायत. प्रत्येक फुगा निघताना असा काही आवाज करायचा की विचारू नका. चुलतसासू दर वेळी म्हणायची, "म्या न्हाई गं, फुगा हाय!" मी अर्धी मेलेली, तरी पोट धरून हसत होते. सिस्टर एका हातानं नाडी बघत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोन धरून दवाखान्यात सांगत होत्या, "पेशंट घेऊन येतेय, बेड तयार ठेवा. आणि थोडी पाटाला जागा ठेवा. पाट! बसायचा पाट!"

दवाखान्याच्या वॉचमननं वरात समजून गाडी बाजूला लावायला सांगितली. केसपेपरवाल्यानं विचारलं, "काय आहे पेशंटला?" तर नणंदेनं बोट करून पट्टा वाचून दाखवला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कॉटवर मी, पायाशी पाट, डोक्यावर फुलं, हे सगळं बघून त्यांनी सिस्टरांकडे बघितलं.

"पेशंट अजून पाटावरून उठलेली नाही मॅडम," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. "बाकी सगळं सुरू करू या."

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि लगेच इंजेक्शनं लिहून दिली.

ती इंजेक्शनं झटके येऊ नयेत म्हणून असतात. कमरेत देतात. बायांनो, त्याबद्दल मी एकच सांगेन, की निखाऱ्यावर बसल्यासारखं वाटतं आणि मग सगळं अंग तापल्या तव्यासारखं होतं. पण औषध जास्त झालं तर श्वासच मंदावतो. म्हणून दर वेळी द्यायच्या आधी सिस्टर माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या. गुडघा उडाला, श्वास नीट चालला, लघवी नीट झाली, तरच पुढचं इंजेक्शन. आपला गुडघा आपल्याला न विचारता उडतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं!

खोलीत पडदे ओढलेले, उजेड मंद, बाहेर पाटी: शांतता राखा. आणि व्हरांड्यात आत्या ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसलेल्या. हलायला तयार नाहीत. संध्याकाळी आकडा थोडा उतरला, तशा सिस्टर डॉक्टरीणबाईंशी काहीतरी कुजबुजल्या आणि बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाल्या, "ओटी भरायची. पण आवाज नाही. चपला बाहेर, बांगड्या वर."

असं डोहाळजेवण तुम्ही कधी बघितलं नसेल. एकेक बाई बांगड्या कोपरापर्यंत सारून, मांजराच्या पावलांनी आत यायची. हळदीकुंकू लावायची, तांदूळ, नारळ, खण ओटीत घालायची, आणि नुसते ओठ हलवून आशीर्वाद द्यायची. चुलतसासूला तर गाणं म्हणायचंच होतं. ती कॉटच्या बाजूला उभी राहून, हातवारे करून, डोळे मिटून, अख्खं गाणं मुक्यानं गायली. मानेच्या शिरा ताणलेल्या आणि आवाज शून्य! मी उशीत तोंड खुपसून हसत होते. मला वाटलं सिस्टर रागावतील. "हसायला हरकत नाही," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "नुसता आवाज नको."

तेवढ्यात इंजेक्शनची वेळ झाली. सिस्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय असा उडाला की ओटीतला नारळ उडून फरशीवर पडला आणि धडाधड लोळत पार भिंतीपर्यंत गेला. सगळ्या बाया होत्या तिथे गोठल्या. कुणी श्वासही घेईना.

"झकास!" सिस्टर हळूच म्हणाल्या. "गुडघा ठणठणीत आहे."

मग नणंदेनं पिशवीतून दोन झाकलेल्या वाट्या काढल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ तुम्हाला माहीत असेल. सिस्टरांनी न बोलता भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सरकारी बोर्ड होता: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. नणंद बोर्ड वाचतेय तोवर त्यांनी दोन्ही वाट्या उघडल्या, पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली आणि रुमालाला हात पुसले. "आता बघ काय निघतंय ते," म्हणाल्या. आत्यासुद्धा पदर तोंडात कोंबून हसल्या. मग त्यांनी शेवटची ओटी भरली, कॉटवरचा पाट उचलून छातीशी धरला आणि खोलीबाहेर गेल्या.

मी त्या खोलीत बरेच दिवस होते. बीपी आज खाली, उद्या वर. शेवटी ते ऐकेनाच, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सिझर करायचं ठरवलं. बाळाचे दिवस भरले नव्हते. मला कमरेखालची भूल देताना मी सिस्टरांचा हात सोडत नव्हते, आणि काय बोलत होते देव जाणे, पण बोलत होते. आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, पण रडणं! मुलगी. जिवंत. मला तो आवाज अजून कानात आहे.

एवढीशी होती. तिला पेटीत ठेवायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सगळे तिच्यामागे धावले. नवरा ॲम्ब्युलन्समध्ये, आत्या त्याच्याबरोबर, नणंद फोटो काढत मागे, वाडीची माणसं फाटकापर्यंत. खोली एकदम रिकामी झाली. माझ्याजवळ फक्त सिस्टर, स्टुलावर बसलेल्या, दंडाला पट्टा बांधत.

"तुम्ही नाही गेलात बाळाला बघायला?" मी विचारलं.

"बघेन की सावकाश."

"आता झालं ना सगळं? आता बसा ना निवांत."

"बाळ झालं म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटतं. तुझ्या बीपीला अजून कुणी कळवलेलं नाही." त्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. "वॉर्डात नवी होते तेव्हा मीपण गेलते एकदा. सगळ्यांबरोबर, बाळ बघायला. परत आले तर आईला झटके आलेले. नाही वाचली ती." त्यांनी पट्टा घट्ट केला. "बाळाला बघायला अख्खी वाडी आहे. मला तुला बघायचंय."

त्या दिवशी त्यांची ड्युटी कधीच संपली होती. तरी त्या तिथेच बसल्या. मी झोपले, उठले, पुन्हा झोपले. प्रत्येक वेळी त्या स्टुलावरच दिसल्या. मी खूप रडले तेव्हा. भीतीचं नव्हतं ते रडू.

माझी पोरगी पेटीतून बाहेर येऊन घरी आली तोवर सिस्टर रिटायर होऊन वलवणला लेकाकडे राहायला गेल्या होत्या. त्यांनी तिला बघितलंच नव्हतं. गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. नव्या सिस्टर येतात आमच्याकडे, चांगल्या आहेत, हसतमुख आहेत. पण सिस्टर म्हटलं की मला वलवणचं ते दार आठवतं.

तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती. मी तिला नवा फ्रॉक घातला, दोन शेंड्या बांधल्या, काजळ लावलं, आणि वाटभर पढवत नेलं, आजीला जयभीम म्हणायचं हां. सिस्टरांनी दार उघडलं. मी फुशारकीनं पोरीला पुढे केलं. बघा, ही बघा! सिस्टर हळूहळू खाली वाकल्या. पोरीनं उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले. तर त्यांनी तिच्या बाजूनं हात पुढे घातला, माझी साडी जराशी वर सारली, माझ्या घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला, आणि तिथे खड्डा राहतोय का ते डोळे बारीक करून बघितलं.

"सूज नाही," त्या म्हणाल्या. "डोकं-बिकं दुखतं का? नाही ना? बरं. आता दाखव तुझी पोरगी."

आणि मग कुठे तिला उचलून घेतलं.